आधीच ठाऊक होतं

मिस्त्रीकाकूंनी दार उघडलं, पण त्या बाजूला झाल्या नाहीत. धाकटे मालक उंबऱ्यातच घुटमळले.

"येऊ दे त्यांना आत," खाटेवरून मिस्त्रींचा आवाज आला.

खोली एवढीशी. खाट, शिवणयंत्र, दोन खुर्च्या. मिस्त्री उशीला टेकून बसले होते. उजव्या हाताला जाड पट्टी. त्या हाताला आता अंगठा आणि एकच बोट उरलं होतं. त्याच हाताने त्यांनी धाकट्या मालकांना लहानपणी रंधा धरायला शिकवलं होतं.

मालकांच्या खिशात एक कागद होता. 'धोक्याची पूर्ण कल्पना असूनही कामगाराने करवतीच्या पात्यावरचे झाकण स्वतः काढले.' खाली सहीपुरती जागा. सोमवारी चौकशीचे साहेब कारखान्यात येणार होते. झाकण खरं तर मालकांनी काढलं होतं. जाड फळ्या त्याला अडत होत्या आणि दरवाजे त्याच दिवशी द्यायचे होते.

अपघातानंतर आठ दिवस त्यांना झोप नव्हती. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. देव सगळं जाणतो. म्हणजे त्या दुपारी काय घडणार, हे त्याला आपल्या जन्माआधीपासून ठाऊक असणार. जे ठरलेलंच, त्याला माणूस काय करणार? त्या विचारावर त्यांना झोप लागली. तोच विचार घेऊन ते आले होते.

"मिस्त्री, होणारं काही चुकत नाही," ते म्हणाले. "देवाला सगळं आधीच ठाऊक असतं. आपण आपले निमित्ताला."

काकू कापडाच्या घड्या घालत होत्या. त्यांचा हात थांबला.

मिस्त्री मात्र हसले. "देवाला असेलच ठाऊक. अहो, त्या दिवशी ते मलासुद्धा ठाऊक होतं! तुम्ही स्क्रू सोडवत होतात तेव्हा म्हटलं नव्हतं का, मालक, कुणाची तरी बोटं जातील? मला आधी कळलं, म्हणून काय झाकण मी काढलं?"

"मग देवाला ठाऊक होतं, तर त्याने थांबवलं का नाही?" मालकांचा आवाज उगीच चढला.

"सांगितलं की. माझ्याच तोंडून सांगितलं. हात तेवढा धरला नाही."

काकूंनी पाणी आणलं. मिस्त्रींनी पेला डाव्या हातात घेतला. तो कलंडला, पाणी सदऱ्यावर सांडलं. काकूंनी ते पदराने टिपलं. मालकांना कुठे बघावं कळेना.

"तुम्ही आज येणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं," मिस्त्री म्हणाले. "सकाळपासून आमचा वाद चाललाय. ही म्हणते, कसला तरी कागद घेऊन सहीसाठी येतील. मी म्हणतो, छे! काय घडलं ते कबूल करायला येतील. माझ्या हाताखाली वाढलेलं पोर आहे ते. आता तुम्हीच सांगा, बरोबर कोण?"

'सहज तब्येत विचारायला आलो होतो', एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. समोर दोघंही वाट बघत होती. मालकांची मान खाली गेली.

"काकूंचं बरोबर होतं," ते म्हणाले. त्यांनी कागद काढून काकूंच्या हातात दिला. "सहीसाठीच आलो होतो. झाकण मी काढलं, मिस्त्री. सोमवारी साहेबांना तेच सांगेन."

काकूंनी कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग मालकांसाठी खुर्ची पुढे ओढली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या,

"जिंकलात तुम्ही."