शून्य सांबरं

इकडे परदेशात सरकारी जंगलात परवान्याने शिकारीला जाताना फोनवर चेक-इन करायचं आणि निघताना किती सांबरं मारली ते भरायचं, असं ॲप मी एका खात्यासाठी बनवलं. ते शिकवायला ट्रुगानिनातल्या माझ्या घरून तीन तास गाडी हाणत गेलो, तर ग्रेग नावाच्या शिकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मेट, बंदूक कधी हातात तरी धरलीयस का? तुला जंगलातलं काय कळतंय?" सगळे हसले. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर आणखी हसले.

पुढचे सहा महिने त्या पठ्ठ्यांनी दर वेळी शून्यच भरलं. खरा आकडा दिला तर बाकीचे शिकारी आपल्या जागेवर येतील, ही भीती. मी एकदा पुन्हा तिथे गेलो, तेव्हा ग्रेगने तर यूट गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात मेलेलं सांबर असताना माझ्या तोंडावर शून्य दाबलं. "निदान हे एक तरी भर," मी म्हटलं. "नो वरीज, मेट," म्हणाला आणि निघून गेला.

परवा खात्याचं पत्र निघालं. नोंदींनुसार या जंगलात सांबरं उरलेली नाहीत, सबब शिकार बंद.

तासाभरात ग्रेगचा फोन. "अरे, जंगल सांबरांनी भरलंय. तू सांग ना त्यांना, तू स्वतः पाहिलंयस."



मी म्हटलं, "मेट, मी कधी बंदूक हातात धरलेली नाही. मला जंगलातलं काय कळतंय?"