गुलाबचंदचा रेडिओ

दगडोबाने मरळ मासा निखाऱ्यांवर ठेवला, तसा गुलाबचंद आपला पुऱ्यांचा डबा आणि थर्मास उचलून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसला.

"शेठ, तुमी मासा खात न्हाई, गळ टाकत न्हाई. मग येता तरी काहून?" दगडोबाने विचारलं.

"हवा खायला. अन् तुमच्या गप्पांपेक्षा बरं काही ऐकायला."

हे बरं काही म्हणजे बॅटरीवरचा रेडिओ. दगडोबाच्या बैलगाडीत घडी घातलेल्या गोधडीवर तो ठेवला होता. गुलाबचंदचं हिंगोलीत कापडाचं दुकान. शुक्रवारी निजामी कचेऱ्यांना सुटी असली की तो, तहसिलीतले कारकून उद्धवराव आणि शेतकरी दगडोबा असे तिघे कयाधूच्या डोहावर येत. सगळ्यात लांब गळाचा बांबू गाडीच्या कडेला उभा बांधायचा, त्याच्या शेंड्यावर तार चढवायची, म्हणजे मुंबई लागायची. आत्ता तिथून कुणी बाई गात होती. आवाज मधूनच खरखरत होता.

उद्धवरावांनी नवा गळ उन्हात धरला. "हैदराबादेहून मागवला. विलायती माल आहे."

"माशाला वाचता येतं का त्याच्यावरचं?" दगडोबा म्हणाला. त्याचा गळ सायकलच्या तारेचा होता, आणि निखाऱ्यावरची मरळ त्यालाच लागली होती.

ते अठ्ठेचाळीस सालचं मे महिन्याचं ऊन. निजामाच्या राज्याचं पुढे काय होणार, हे मुंबई-दिल्लीच्या बातम्यांत कळे. हिंगोलीत त्यावर कुणी मोठ्याने बोलत नसे.

पोलीस जमादार मोहनसिंग सायकल हातात धरून काठाने आला. एरवी तो गळ घेऊन यायचा आणि भाकरीवर हक्काने ठेचा मागायचा. आज तो वर्दीत होता.

"या जमादार, होतच आलाय मासा," दगडोबा म्हणाला.

मोहनसिंग बसला नाही. "रेडिओ घेऊन जायचाय. आमच्या ठाण्याच्या अमीनसाहेबांचा हुकूम हाय. मुंबई ऐकणाऱ्याचा रेडिओ ठाण्यात आणा म्हणले."

"आम्ही मुंबई ऐकतो हे त्यांना कुणी सांगितलं?" उद्धवरावांनी विचारलं.

"मी." मोहनसिंग वाळूकडे बघत म्हणाला. "सरळ विचारलं त्यांनी. शुक्रवारी तू तिथंच असतोस ना, म्हणले."

उद्धवराव उठले आणि भराभर दोरा गुंडाळायला लागले. "देऊन टाका, शेठ. माझी सरकारी नोकरी आहे."

गुलाबचंदने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तो मोहनसिंगपुढे धरला. "आधी खाऊन घ्या. उपाशीपोटी कसला हुकूम."

ते जेवले. गुलाबचंदने मधे एकदोनदा घड्याळ पाहिलं. मग हात धुऊन तो म्हणाला, "दगडोबा, बैल जुंप."

उद्धवराव बांबू सोडायला गेले.

"राहू द्या तो," गुलाबचंद म्हणाला.

"शेठ, बंद तरी करा," मोहनसिंग म्हणाला.

"न्हाई." दुकानात भाव सांगताना असायचा तसाच गुलाबचंदचा आवाज होता. "रेडिओ आणा म्हणले. बंद करून आणा म्हणले का?"

"तसं न्हाई म्हणले, पण..."

"मग चालूच नेतो. तुमाला बंद करायचा असंल तर बटण तुमच्या हाताशी हाय. माझ्या हातानं ते होणार न्हाई."

"दुकानाला कुलूप लागंल," दगडोबा हळूच म्हणाला.

"लागंल." गुलाबचंद धोतर सावरून गाडीत चढला. रेडिओखालची गोधडी त्याने सारखी केली.

गाडी हलली. उद्धवराव गळ घेऊन काठावरच उभे होते. तिथून शेतातल्या पायवाटेने त्यांना सरळ घर गाठता आलं असतं. गाडी चढण चढली तसा बांबू डोलायला लागला आणि गाणं विरायला लागलं. मग मागून धापा टाकत उद्धवराव आले. त्यांनी गाडीबरोबर चालत बांबू दोन्ही हातांनी धरला.

गाडी बाजारात शिरली तेव्हा गाणं संपलं आणि मराठी बातम्या सुरू झाल्या. गुलाबचंदने आवाज वाढवला.

भाजी विकणाऱ्या शकुबाईच्या हातात तराजू तसाच राहिला. शिंपी मशीन थांबवून दारात आला. बातम्यांत हैदराबादचं नाव निघालं आणि माणसं ओट्यांवरून खाली उतरली. कुणी घोषणा दिली नाही. ती नुसती गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालायला लागली, कान देऊन. दगडोबाने कासरा ओढून बैल आणखी हळू केले. मोहनसिंग सायकल ढकलत रेडिओच्या अंगाने चालला होता. मधेच त्याने एक हात गाडीच्या कडेवर ठेवला. हात तिथेच राहिला.

ठाण्यासमोर गाडी थांबली. आवाज ऐकून अमीनसाहेब पायऱ्या उतरून आले, गाडीशी गेले आणि त्यांनी स्वतः बटण फिरवलं. निवेदक वाक्याच्या मधेच थांबला. मागे अर्धा बाजार उभा होता.

"उतरो दोनों," ते म्हणाले. गुलाबचंद आणि दगडोबा खाली उतरले. मग अमीनसाहेब मोहनसिंगकडे वळले. "सारे बाज़ार में बजाते हुए लाए? बंद क्यों नहीं किया?"

मोहनसिंगने सायकल गाडीला टेकवली आणि ताठ उभा राहिला.

"खबरें बाकी थीं, साब."