यंदाची चटणी

मटणाची पिशवी घेऊन राजवीर जिन्यातच थबकला. दार उघडंच होतं आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता. तिचा एवढा चढा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

"माझ्या शब्दाबाहेर या घरात कधी चटणी झाली न्हाय. आन तू मला शिकवणार व्हय?"

"शिकवत न्हाय, सांगते," क्रांती म्हणाली. "यंदाची चटणी आम्ही आमच्या चवीनं करणार."

लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि बायकोनं थेट चटणीलाच हात घातला होता. उन्हाळ्यात केलेली ही मसाल्याची चटणी वर्षभर कालवणाला पुरवायची असते. मिरची कुठली घ्यायची, खोबरं किती घालायचं, यावरून सख्ख्या जावांचं बोलणं बंद झालेलं त्यानं पाहिलं होतं. आई रागानं उठून गडमुडशिंगीला मामाकडे गेली तर परत आणायची कशी, या धास्तीनं त्याला घाम फुटला.

आत जावं तर बाजू कुणाची घ्यायची? तो तिथंच उभा राहिला.

नशीब, आज आक्का येणार होती. आक्का म्हणजे त्याची थोरली आत्या. दर उन्हाळ्यात गडहिंग्लजहून एसटीनं यायची आणि महिनाभर मुक्काम ठोकायची. ती घरात असली की आईच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. एरवी राजवीरही तिला टरकून असायचा, पण आज ती येतेय याचं त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं. दोघींना एका दमात गप्प करील.

आत आईनं रडणं काढलं. या घरासाठी हाडाची काडं केली, आता कुणाला किंमत राहिली नाही, असं बरंच काही. क्रांतीनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मग या घरात मी पाणीबी पिणार न्हाय," आई म्हणाली.

"तांब्या भरून ठेवते. तहान लागली की घ्या. तुमचा मान हाय तसाच राहील, पहिलं ताट तुमचंच. पण चुलीपाशी जी राबते, ती ठरवणार."

ना आवाज चढला, ना टोमणा मारला. साहेबानं रविवारी कामाला बोलावलं तर राजवीरला साधं नाही म्हणता येत नसे. ही मात्र समोरच्याचा मान ठेवून जागची तसूभर हलत नव्हती. एकदाही 'आई' म्हणाली नाही, एवढं त्याला लागलं. बाकी बाई धन्य होती. मनातल्या मनात त्यानं तिला हात जोडले.

मग आतलं बोलणं एकदम थांबलं. आता काही खरं नाही, असं वाटून तो चपला भिरकावून आत धावला.

दोघी एकाच परातीत मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती सुनेच्या आणखी जवळ सरकली. आवाज पुन्हा नेहमीसारखा, बारीक झाला होता.

"जमंल वाटतंय गं मला," ती म्हणाली. "आता तू आक्का हो. मी बोलून बघते."