दोन मार्कर

बीडच्या अंमलदारांच्या क्लबात मुंजाजी हा साहेबांना टेनिस खेळवणारा मार्कर होता. रिकाम्या मैदानावरचे त्याचे खरे फटके क्लबाचा मुन्शी म्हणून मी एकट्यानेच पाहिले होते. हैदराबादेत त्याचा दुसऱ्या क्लबातील मार्करशी सामना ठरला. जिंकणाऱ्याला चषक मिळणार होता आणि यापुढे खेळाडू म्हणून मैदानात उतरता येणार होते.

“चषक तुझाच, मुंजाजी.”

“कावून चढवता, मुन्शीजी? सायबाच्या रॅकेटवर चेंडू नेऊन देनारा मानूस मी.”

“तिथे समोर साहेब नसेल.”

खरोखरच नव्हता. दोघांच्याही डोळ्यांत जिंकण्याची तहान होती. हात मात्र अदबीने चेंडू एकमेकांच्या रॅकेटपाशी पोचवत राहिले.



अंधार पडला, चेंडू दिसेनासा झाला, प्रेक्षक उठून गेले. तरी ठोक्यांचा आवाज थांबेना.