ढब्बूचे डोळे

सुनेने दार उघडलं आणि आधी डॉक्टरांच्या पायांकडे पाहिलं. चपला भिंतीला लावून ठेवा, वाटेत नकोत, असं ती हळूच म्हणाली. आंधळ्या कुत्र्याच्या घरात असा नियम असणारच, हे डॉक्टरांना पटलं.

प्राण्यांच्या डॉक्टर म्हणून त्यांनी लाडावलेली कुत्री पुष्कळ पाहिली होती. बिस्किटं चारून पिंप केलेली, स्वेटर घालून नटवलेली. असं घर मात्र पाहिलं नव्हतं. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत काथ्याची अरुंद पट्टी अंथरलेली, तिथून मोरीपर्यंत दुसरी. टेबलाच्या कोपऱ्यांवर कापसाच्या गाद्या शिवलेल्या. दार कुठे आहे ते कानांना कळावं म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी रेडिओ बारीक आवाजात चालू. जिन्याच्या भिंतीला जाड दोर, आणि शेवटची पायरी आली की दोराला गाठ.

एवढं सगळं कधी सुचलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"जिन्यावरून एकदा पडणं झालं," सून म्हणाली. "तेव्हापासून."

म्हाताऱ्या हाडांना दुसऱ्यांदा पडणं सोसत नाही, हे डॉक्टरांना कोणी सांगायला नको होतं. त्यांना या बाईचं मनापासून कौतुक वाटलं.

खिडकीशी तिच्या सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मनगटाला पट्टा होता. बादली उचलताना लचकलं, असं त्यांनी कोणी न विचारता सांगितलं. हात मात्र झरझर चालत होते. दाणे वाटीत, सालं पिशवीत, एक दाणा इकडचा तिकडे नाही.

"डॉक्टर, तुम्हाला मी बोलावलंय, हिने नाही," त्या म्हणाल्या. "जन्मभर शाळेची प्रयोगशाळा सांभाळली मी. तपासल्याशिवाय काही मानायची सवय नाही. ढब्बूला खरंच दिसत नसेल तर राहू दे हे सगळं. पण दिसत असेल, तर आजच्या आज निघालं पाहिजे. घर आहे की सर्कस? टॉर्च लावून नीट बघा."

चहाचा कप ठेवत सुनेने फक्त "आई, उजव्या हाताला" एवढं म्हटलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिची बोटं पदराशी चाळा करत होती.

डॉक्टर जमिनीवर बसल्या. ढब्बू शहाण्यासारखा पुढ्यात आला. कान आतून स्वच्छ, नखं वेळच्या वेळी कापलेली, दातांवर किटण नाही. पोट बेताचं. पाय एकेक करून दाबून पाहिले. जुन्या दुखापतीची खूण कुठेच सापडली नाही.

"फार छान निगा राखलीय," डॉक्टर म्हणाल्या. "माणसांचीसुद्धा एवढी होत नाही, आजी."

"आमच्या सुनेचा हातच तसा आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासारख्या खाष्ट बाईला पुरून उरली, कुत्र्याची काय कथा."

डॉक्टरांनी पेटीतून कापसाचा बोळा काढला. कापूस पडताना आवाज होत नाही, त्याला वासही नसतो. ज्याला तो कळतो, त्याला तो डोळ्यांनीच कळतो. त्यांनी बोळा वरून सोडला.

ढब्बूने तो हवेतच पकडला.

मग डॉक्टरांनी टॉर्च लावला. उजेड पडताच बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, आधी उजवी, मग डावी. काचेसारखे लख्ख डोळे होते.

त्यांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. सून त्यांच्याकडे एकटक बघत होती. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही, पण बोटांचा चाळा थांबला होता.

वाटीतून एखादा दाणा मिळतोय का ते बघायला ढब्बू उठला. त्याच्या धक्क्याने डॉक्टरांचा हात वर गेला आणि टॉर्चचा झोत थेट सासूबाईंच्या चेहऱ्यावर पडला.

त्या तशाच वाट बघत होत्या. पापणीही लवली नाही.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "टॉर्च लागत नाहीये का?"

डॉक्टरांनी टॉर्च विझवला. तो पेटीत ठेवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"दोन्ही डोळे गेलेत, आजी," त्या म्हणाल्या. "यातली एकही वस्तू हलवू नका."

"मग राहू दे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चाचपून पुढची शेंग उचलली. "बिचाऱ्याला उगीच ठेचा नकोत."