ठोक्याआधीची शांतता

गाणं त्या जागी आलं आणि विंगेतून बघणाऱ्या ड्रमरच्या बायकोचा जीव टांगणीला लागला. इथे सगळी वाद्यं थांबायची. ड्रमचा ठोका पडल्यावरच गायक पुढची ओळ उचलायचा. सत्तरच्या दशकात नवरा ही शांतता मुद्दाम ताणायचा. पब्लिक शिट्ट्या मारायचं, गायक जळफळायचा. शेवटी “मी कुणासाठी थांबणार नाही” म्हणत गायकाने बँडच मोडला. आज म्हातारपणी पुन्हा एकत्र वाजवताना ती शांतता तशीच लांबली. शिट्ट्या घुमल्या. पण नवऱ्याचा हात स्टिकसकट हवेतच अडकून थरथरत होता. तिला शपथ घालून त्याने हे दुखणं लपवलं होतं. “सुंभ जळला तरी पीळ जात नाही!” पुटपुटत गायक रागाने वळला. हात दिसताच थबकला. ओठांवर बोट ठेवून पब्लिकला गप्प करत तो ड्रमपाशी गेला, मनगट हलकेच धरून म्हणाला, “सावकाश. मी थांबतो.”