गादीवरचा खळगा

उकिडवेमास्तरांच्या पत्नी सुलभाताई जाऊन पंधरा दिवस झाले, तरी मास्तरांकडे भेटायला येणारे थांबले नव्हते. म्हणजे त्यांच्या छाया येत होत्या. हल्ली दुःखाच्या घरी स्वतः जायची पद्धत राहिली नव्हती. घरबसल्या बटण दाबले की आपली हुबेहूब छाया त्या घरी दिवाणावर बसायची, "धीर धरा" म्हणून डोळे पुसायची आणि सहा मिनिटांनी विझायची. पहिल्या दोघींसाठी मास्तरांनी सवयीने चहा टाकला होता. तो तसाच गार झाला.

संध्याकाळी रंगा मगदूम आला. कुरुंदवाडचा, शाळेपासूनचा दोस्त. दिवाणावर बसला आणि नुसता गप्प राहिला.

"काय रे, तुझ्या छायेला बोलायला शिकवलं नाही वाटतं?" मास्तर उखडले. "चाळीस वर्षं तिच्या थालीपिठांवर ताव मारलास. आज स्वतः यायला पाय मोडले होते?"

"दिगू, अरे मी…"

"पुरे! धीर मी धरलेलाच आहे. तू नीघ."

रंगा मान खाली घालून उठला आणि दारातून चालत गेला. विझला नाही. नवीन मॉडेल असेल, असे मास्तरांना वाटले.

दिवा लावायला उठले, तेव्हा त्यांना दिवाणाच्या गादीवर खळगा दिसला. दिवसभरात तिथे सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. त्यांनी हात ठेवून पाहिला. ऊब होती.

ते अनवाणीच रस्त्यावर धावले. कुरुंदवाडची एसटी वळणावरून दिसेनाशी होत होती.

परत येऊन त्यांनी दोन कप चहा टाकला. खळग्यावर मात्र नंतर आलेल्या कुठल्याच छायेला बसू दिले नाही.